शेवटच्या घरापर्यंत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी राहिलेले एक-दोन मुद्दे लिहून काढताना घातले आहेत.)



गेल्या आठवड्यात आपल्या सेक्रेटरींचा फोन आला. म्हणाले, "काका, तुम्ही सोसायटीतले जुने सभासद. वीस मिनिटं बोला. विषय तुमच्या आवडीचा घ्या, फक्त सिंकिंग फंडावर बोलू नका." तेव्हा हिशेबाचे कागद घरी ठेवून आलो आहे. घाबरू नका.

आपली सोसायटी नोंदवून २५ वर्षं झाली. या निमित्ताने सगळेच म्हणताहेत की इतकी कुटुंबं इथे 'जोडली गेली'. हा शब्द ऐकला आणि माझ्या मनात आलं, की एवढा मोठा देश कसा जोडला गेला असेल? कोणत्या साधनांनी? आणि नुसती साधनं आली म्हणून जोडला गेला का? मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बँकेत ३६ वर्षं नोकरी केलेला माणूस आहे. त्यामुळे कुठलीही गोष्ट दिसली की पहिला प्रश्न मनात येतो, याचा खर्च किती आणि तो कुणी भरला? त्याच नजरेने बोलणार आहे.

सुरुवात आपल्या ठाण्यापासूनच करू. आपण रोज सकाळी ज्या स्टेशनवर धक्के खातो, तिथे १६ एप्रिल १८५३ रोजी हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी येऊन थांबली. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे आणि ओढायला तीन इंजिनं. साहिब, सिंध आणि सुलतान अशी त्यांची नावं. निघताना २१ तोफांची सलामी झाली. या रेल्वेसाठी खटपट करणाऱ्यांत आपले नाना शंकरशेट होते, ही अभिमानाची गोष्ट आहे.

आता बँकवाल्याचा प्रश्न. पैसा कुणाचा? कंपनी विलायतेतली, भांडवल विलायतेतलं, आणि सरकारची हमी अशी की नफा होवो न होवो, भांडवलावर ५ टक्के परतावा मिळणारच. तूट पडली तर ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून. आम्ही अशी हमी कुणा कर्जदाराला दिली असती तर दुसऱ्या दिवशी मेमो मिळाला असता! रेल्वे आणली ती वऱ्हाडातला कापूस बंदराला न्यायला आणि फौज हलवायला. भोर घाटातला मार्ग १८६३ साली पुरा झाला. तो खोदताना हजारो मजूर पटकीने, तापाने, दरडीखाली मेले. लोणावळ्याला जाताना खिडकीतून धबधबे बघतो तेव्हा त्यांची आठवण ठेवली पाहिजे.

पण गंमत पाहा. साधन आणलं एका हेतूने आणि लोकांनी वापरलं दुसऱ्याच. १८७० साली मुंबई ते कलकत्ता सलग रेल्वे झाली. त्यानंतर १५ वर्षांनी, डिसेंबर १८८५ मध्ये, मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. देशाच्या निरनिराळ्या भागांतून ७२ प्रतिनिधी आले. रेल्वे नसती तर बंगालचा माणूस आणि मद्रासचा माणूस मुंबईत एका सतरंजीवर कधी बसले असते? कापसासाठी टाकलेल्या रुळांवरून पुढे स्वराज्याचा विचार फिरला. गांधीजी तर तिसऱ्या वर्गाच्या डब्यातूनच देश पाहत हिंडले.

रेल्वेची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला मात्र तिच्याहून मोठी वाटते ती पोस्टाची गोष्ट. पूर्वी पत्राचा दर अंतरावर असे. जितकं गाव लांब तितकं टपालहशील जास्त. म्हणजे ज्याचं माणूस सर्वांत दूर त्यालाच सर्वांत जास्त भुर्दंड. १८५४ साली हे बदललं. देशात कुठेही पाठवा, हलक्या पत्राला अर्धा आणा. शेजारच्या पेठेत पाठवा नाहीतर पेशावरला. दर एकच.

ऐकायला साधी वाटणारी ही गोष्ट आहे, पण मी तिला शोधच म्हणतो. यात यंत्र काहीच नाही. रेल्वे होती, बैलगाडी होती, पायी धावणारा हरकारा होता. नवीन काय होतं, तर एक नियम आणि गरिबाला परवडेल असा एक दर. जवळचा थोडं जास्त भरतो, म्हणून लांबच्याचं पत्र स्वस्तात जातं. आपण मेन्टेनन्समध्ये करतो तेच! तळमजल्यावरचे सभासद लिफ्टच्या खर्चात हिस्सा देतात, म्हणून सातव्या मजल्यावरच्या आजी खाली येऊ शकतात. (तळमजल्यावरच्या सभासदांनी आत्ता हात वर करू नयेत. हा मुद्दा सर्वसाधारण सभेत घेऊ.)

पुढे १८७९ साली पाव आण्याचं, म्हणजे एका पैशाचं, पोस्टकार्ड आलं. १८८० साली मनीऑर्डर आली. माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यात. आमच्या लहानपणी निम्मं गाव गिरणगावात कामाला असे आणि उरलेलं निम्मं मनीऑर्डरची वाट पाहत असे. कोकण मनीऑर्डरवर चालतं असं म्हणत, त्यात अतिशयोक्ती नव्हती. माझे काका गिरणीत होते. महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन वाडीत यायचा. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी लिहायला जागा असे. ज्या घरात वाचणारं कुणी नाही तिथे पोस्टमनच ओट्यावर बसून त्या वाचून दाखवी, अंगठा घेई, पैसे मोजून देई आणि ताक पिऊन पुढच्या घरी जाई. आमचं घर वाडीच्या टोकाला, शेवटचं. वाटेत एक वहाळ. पावसाळ्यातसुद्धा तो माणूस धोतर वर खोचून यायचा. मी पुढे बँकेत मोठमोठे व्यवहार पाहिले, पण पैसा पोचवणं म्हणजे काय ते प्रथम त्या पोस्टमनकडे पाहून कळलं.

आता नियमाचं महत्त्व सांगणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. मुलांनी लक्ष द्यावं, शाळेत उपयोगी पडतील.

पहिली घड्याळाची. आज काश्मीर ते कन्याकुमारी घड्याळ एक आहे. पूर्वी तसं नव्हतं. प्रत्येक मोठ्या शहराची वेळ त्याच्या सूर्याप्रमाणे. रेल्वे धावायला लागली आणि घोटाळा झाला. गाडी नऊला सुटते, पण कुणाच्या नऊला? १९०६ साली साऱ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली. तरी मुंबईत 'बॉम्बे टाइम' पुढे १९५५ पर्यंत टिकून होता, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे! एकाच शहरात दोन वेळा. आपल्या सभा वेळेवर सुरू न होण्याचं मूळ बहुतेक तिथे असावं.

दुसरी पिनकोडची. देशात वडगाव किती, पिंपळगाव किती आणि रामपूर किती! त्यात पत्त्यांच्या लिप्या आणि भाषा वेगवेगळ्या. यावर उपाय काढला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत पंडित. १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा. आपला ४, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश हा भाग. पुढचे आकडे उपविभाग आणि वर्गवारीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस. तमिळ न वाचता येणारा ठाण्याचा सॉर्टर पत्र बरोबर मदुराईच्या थैलीत टाकू शकतो. भाषा बदलावी लागली नाही, लिपी बदलावी लागली नाही. सहा आकड्यांनी काम झालं.

म्हणजे जोडणीला तीन गोष्टी लागतात असं माझं मत झालं आहे. एक साधन, दुसरा सगळ्यांना सारखा नियम आणि तिसरा परवडणारा दर. यातली एक जरी नसली तर काय होतं, ते मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. हे आजवर मी जाहीरपणे कधी बोललो नाही.

साल १९७५. बँकेत लागून मला तीनच वर्षं झाली होती. चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ सालचं, आणि त्यानंतर खेडोपाडी शाखा निघत होत्या. माझी बदली परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होती. त्या काळी पैसे तातडीने पाठवायचे तर टेलिग्राफिक ट्रान्सफर, म्हणजे टीटी करत. तारेत रक्कम लिहायची आणि सोबत एक गुप्त अंक. तो अंक समोरच्या शाखेने आपल्याकडच्या पुस्तकावरून ताडून पाहायचा, जुळला की पैसे द्यायचे. हे काम माझ्याकडे असे. एका व्यापाऱ्याचे पैसे मी सकाळी मुंबईला पाठवले आणि दुपारी ते पोचल्याचा निरोप आला. मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटे.

त्याच आठवड्यात, आषाढात, दुपारी दोनच्या सुमाराला तारवाला शाखेत आला आणि तार माझ्या हातात दिली. "फादर सिरियस. स्टार्ट इमिजिएटली." माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको की तारेत 'सिरियस' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ काय होऊ शकतो. आमचा दादा सहा मैल चालत तार करायला गेला होता. तार बारा तासांच्या आत माझ्याकडे पोचली. तारेची काही चूक नव्हती.

पण मी कसा पोचणार? मॅनेजरसाहेबांनी स्वतःच्या खिशातून दीडशे रुपये दिले. मराठवाड्यात तेव्हा मीटर गेज, निजामाच्या वेळची. मनमाडपुढे मुंबईकडे ब्रॉड गेज. एक मीटर रुंदीचा रूळ आणि एक १६७६ मिलिमीटरचा. डबा या रुळावरून त्या रुळावर जाऊ शकत नाही. म्हणून मनमाडला सगळ्यांनी उतरायचं, हमालांनी मालसुद्धा या वाघिणीतून काढून त्या वाघिणीत भरायचा. देशात रेल्वे होती, पण नियम एक नव्हता. मनमाडच्या फलाटावर मी मध्यरात्री पाच तास बसून होतो. तिथून दादर. कोकणात तर रेल्वेच नव्हती. बोटी पावसाळ्यात बंद असायच्या. राहता राहिली एसटी. ती महाडच्या पुढे पाण्यामुळे अडली. मी घरी पोचलो तेव्हा अडीच दिवस झाले होते. वडील मी पोचायच्या आदल्या दिवशी सकाळीच गेले होते. सगळं उरकलं होतं. आई एवढंच म्हणाली, "तुझं नाव घेत होते रे."

व्यापाऱ्याचे पैसे अर्ध्या दिवसात मुंबईला पोचले होते. मला घरी पोचायला अडीच दिवस लागले. तेव्हापासून मला जोडणी हा विषय नुसता पुस्तकातला वाटत नाही.

पुढची गोष्ट जरा सुखाची आहे. १९८० नंतर दोन मोठे बदल झाले. एक टेलिफोनचा. टेलिफोन तसा मुंबईत १८८२ पासून होता, पण सामान्य माणसासाठी नव्हता. घरी फोन हवा तर वर्षानुवर्षं नंबर लागत नसे. दुसऱ्या गावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा आणि तासन् तास थांबायचं. लवकर हवा तर 'अर्जंट', त्याहून लवकर तर 'लाइटनिंग', आणि त्याचे दर कैक पट. पुन्हा तोच प्रकार, ज्याच्याकडे पैसा त्याचा निरोप आधी! १९६० साली कानपूर-लखनौ अशी पहिली एसटीडी सुरू झाली, तरी खेड्यापर्यंत ती यायला फार काळ गेला. १९८४ साली सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने सी-डॉट ही संस्था निघाली. आपल्या इंजिनिअरांनी खेड्यासाठी १२८ लाइनींचं छोटं एक्स्चेंज तयार केलं. परदेशी एक्स्चेंजला एअर कंडिशन लागे, याला लागत नव्हतं. आपल्या उन्हात आणि धुळीत ते चालायचं. १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला पहिलं बसलं. मग गावोगाव पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघाले. रात्री अकरानंतर दर कमी, म्हणून जेवणं उरकून बूथबाहेर रांगा लागत. समोरच्या मीटरवरचा लाल आकडा पळायला लागला की माणसं बोलणं आवरतं घेत. 'बाकी सगळं ठीक, ठेवतो' हे वाक्य त्या मीटरने शिकवलं आपल्याला.

दुसरा बदल कोकण रेल्वेचा. १९९० साली महामंडळ स्थापन झालं. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि ई. श्रीधरन यांच्या हाती काम सोपवलं होतं. रोह्यापासून मंगळूरपाशी ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. नव्वदच्या वर बोगदे, त्यातला करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांब. रत्नागिरीजवळ पानवलचा पूल ६४ मीटर उंच. मार्गातल्या राज्यांनी भांडवलात वाटा उचलला, लोकांकडून रोख्यांवर पैसा उभा केला. १८५३ सारखी विलायती भागधारकांना हमी नव्हती. पैसा आपला आणि डोकं आपलं. २६ जानेवारी १९९८ ला पुरा मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला. ठाण्याला पहिली गाडी आल्यावर १४५ वर्षांनी आमच्या कोकणाला गाडी मिळाली! देश एकदम जोडला जात नाही. कुणाचा नंबर आधी लागतो, कुणाचा फार नंतर.

१९९९ च्या भाद्रपदात आईला बरं नव्हतं. गावातल्या दुकानात एसटीडी बूथ होता. दादाने संध्याकाळी पाचला फोन केला. "आई तुझी आठवण काढतेय, जमलं तर ये." रात्रीच्या गाडीने ठाण्याहून निघालो आणि सकाळी राजापूर रोडला उतरलो. आठला घरी. आई उशाला टेकून बसली होती. मला पाहून म्हणाली, "आलास? चहा घे." त्यानंतर ती नऊ दिवस होती. त्या नऊ दिवसांत आम्ही काही विशेष बोललो नाही. तिला भाताची पेज भरवली, जुने फोटो दाखवले. पण ते नऊ दिवस मला मिळाले. वडिलांच्या वेळी नऊ मिनिटंही मिळाली नव्हती. घर तेच, मुलगा तोच, मध्ये २४ वर्षं आणि दोन साधनं. रेल्वे आणि टेलिफोनवर मी भाषण का करतो, याचं कारण एवढंच आहे.

यानंतरचा काळ तुमच्या डोळ्यांसमोरचा आहे. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर पहिलं बोलणं केलं. सुरुवातीला आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत, म्हणून लोक नंबर पाहून कट करायचे. २००३ साली येणारे कॉल फुकट झाले आणि मग भाजीवाले, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या ताई, सगळ्यांच्या हातात फोन आला. २००६ साली सरकारी कंपन्यांनी 'वन इंडिया' योजना आणली. देशात कुठेही एक रुपया मिनिट. मी ती बातमी वाचली आणि मला १८५४ चा अर्धा आणा आठवला. दीडशे वर्षांनी, निराळ्या साधनावर, तोच नियम पुन्हा आला होता. दूरच्याला भुर्दंड नाही.

आमच्या बँकेतही तेच झालं. पूर्वी परगावचा चेक वटायला पंधरा दिवस, कधी तीन आठवडे. २००४ साली आरटीजीएस आलं, २००५ मध्ये एनईएफटी. प्रत्येक शाखेला अकरा अक्षरांचा आयएफएससी कोड मिळाला. पहिली चार अक्षरं बँकेची, मग एक शून्य, शेवटची सहा शाखेची. वेलणकरांच्या पिनकोडचं हे धाकटं भावंडच. आणि २०१६ पासून यूपीआय. आमच्या गुप्त अंकाच्या टीटीची आता कुणाला आठवणही नाही. तारसुद्धा गेली. १५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद झाली. शेवटच्या दिवशी लोकांनी रांगा लावून हौसेने तारा केल्या. मी नाही गेलो. मला ती एक तार पुरे आहे.

आता शेवटी आपल्या सोसायटीकडे येतो. हे सांगितल्याशिवाय मी खाली बसलो तर ते अप्रामाणिकपणाचं होईल.

आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असेल, सुरुवातीला राहायला आलो तेव्हा चार-पाच घरांतच फोन होते. ज्यांच्या घरी फोन त्यांच्याकडे सगळ्या मजल्यांचे निरोप यायचे. दार वाजवून सांगायचे, "वहिनी, तुमच्या माहेरचा फोन आहे, होल्डवर ठेवलाय." वहिनी कणकेचे हात तसेच घेऊन धावायच्या. आज प्रत्येक घरात माणसागणिक फोन आहे. सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सकाळी गुड मॉर्निंगची फुलं येतात. मीही पाठवतो, कबूल करतो.

तीन वर्षांपूर्वी मी कार्यकारिणीत असताना एक ठराव मांडला. जिन्याजवळचा सूचनाफलक काढून टाकावा आणि सर्व सूचना ग्रुपवरच द्याव्यात. कागद वाचेल, झेरॉक्स वाचेल, फलकाची काच तशीही फुटली होती. मीच मांडला, मीच आकडेमोड करून दाखवली आणि एकमताने तो मंजूर झाला. बचत वर्षाला साधारण अकराशे रुपये.

गेल्या मे महिन्यात टाक्या धुण्यासाठी दोन दिवस पाणी बंद होतं. ग्रुपवर सूचना तीनदा आली. आपल्या बी विंगमध्ये एक आजी एकट्या राहतात. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. त्यांना कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मला त्या खाली वॉचमनच्या नळावर कळशी भरताना दिसल्या. लिफ्टही त्या वेळी दुरुस्तीला होती. ८१ वय. मी धावलो, कळशी घेतली, विचारलं, "आजी, फोन का नाही केलात?" तर म्हणाल्या, "अरे, मला वाटलं फक्त माझ्याच घरी पाणी नाही. बिल भरायचं राहिलं की काय, म्हणून विचारायची लाज वाटली."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आयुष्यभर मी कौतुक केलं ते कुणाचं? वहाळ ओलांडून शेवटच्या घरापर्यंत येणाऱ्या पोस्टमनचं. आणि मी स्वतः काय केलं? अकराशे रुपये वाचवले आणि शेवटचं घर वगळलं. नवीन साधन वाईट नाही. माझी नात पुण्याहून रोज व्हिडिओवर दिसते, ती मला हवीच आहे. पण साधन आलं म्हणजे काम झालं, असं मी धरून चाललो. नव्वद जणांना निरोप गेला की आपण 'सगळ्यांना कळवलं' म्हणतो. उरलेल्या दहांना आपण नकळत सांगत असतो की तुम्ही आमच्यात नाही. बँकेत एका पैशाचा फरक राहिला तरी आम्ही रात्री नऊपर्यंत बसून ताळेबंद जुळवायचो. इथे एक माणूस राहिला आणि मी ताळेबंद जुळला असं समजलो.

म्हणून या रौप्यमहोत्सवात माझी दोन मागणी आहेत. एक, सूचनाफलक परत लावावा, मोठ्या अक्षरांत, आणि त्याची काच मी माझ्या खर्चाने बसवून देतो. दुसरी मागणी पुढे बसलेल्या मुलांकडे. प्रत्येक मजल्यावर एका मुलाने किंवा मुलीने जबाबदारी घ्यायची. महत्त्वाची सूचना आली की ज्या घरात आजी-आजोबा एकटे असतील तिथे बेल वाजवून सांगायचं. एवढंच. पगार मिळणार नाही. पण खात्री देतो, प्रत्येक घरात काहीतरी खाऊ मिळेल. माझ्याकडे नारळाच्या वड्या असतात.

बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत गाडी यायला एक दुपार पुरली. ती गाडी माझ्या गावापर्यंत यायला १४५ वर्षं लागली. आपल्याला फक्त तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचंय. तेवढं तर आपण याच आठवड्यात करू शकतो.

सोसायटी उभी करताना ज्यांनी आपल्या खिशातले पैसे घातले, निबंधक कार्यालयात खेटे घातले आणि जे आज आपल्यात नाहीत, त्या सर्व सभासदांना नमस्कार करतो. वीस मिनिटांऐवजी तीस घेतली, त्याबद्दल क्षमा मागतो आणि इथेच थांबतो.